आधी कागद, मग विद्यापीठ

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईचाही फोन येऊन गेला, पण प्रश्न तुझे आहेत, तेव्हा उत्तरं तुलाच लिहिते.

बहुतेक प्रश्न विद्यापीठांचे आहेत. अर्ज कुठे करू, मार्गदर्शक म्हणून कुणाला लिहू, शिष्यवृत्ती पुरते का, पीएच.डी.नंतर नोकरी लागते का. हे विचारायलाच हवं, आणि पुढे त्याबद्दल लिहिलंही आहे. पण त्याआधी ठरवायची एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही. सुरुवातीच्या अमेरिकेचा इतिहास, म्हणजे ढोबळमानाने कोलंबसाच्या काळापासून १८२०-३० पर्यंतचा, हे जन्माचं काम म्हणून घ्यायचं तर कोणते कागद घेऊन तू सात-आठ वर्षं बसणार आहेस? ‘अमेरिकन राज्यक्रांती’ हा झाला विषय. एखाद्या गावाची करवसुलीची यादी, एखाद्या कोर्टाचं दप्तर, व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मळ्याची खातेवही, हे झाले कागद. विषयाच्या प्रेमात पडायला एक चांगलं पुस्तक पुरतं. कागदांशी आपलं जमतंय की नाही हे कळायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर माणूस घरदार सोडून इथवर आलेला असतो. म्हणून हा प्रश्न तिथे, आपल्या घरी बसूनच सोडव.

लॉरेल थॅचर अलरिक यांची गोष्ट तुला सविस्तर सांगते. आजकाल बायोडेटा कसा असावा याच्या ज्या कल्पना मुलांच्या डोक्यात भरवल्या जातात, त्यातल्या एकीतही त्यांचं आयुष्य बसत नाही. जन्म १९३८ चा, आयडाहोतल्या शुगर सिटी नावाच्या लहानशा गावातला. १९६० साली युटा विद्यापीठाची पदवी. लग्न त्याआधीच झालेलं. मग नवऱ्याच्या शिक्षण-नोकरीमागे पूर्वेला मॅसॅच्युसेट्स, तिथून न्यू हॅम्पशर, आणि पाच मुलं. एम.ए. झालं १९७१ मध्ये, तेही इंग्रजी घेऊन. इतिहासातली पीएच.डी. १९८० मध्ये, चाळिशी उलटल्यावर, आणि ती मिळवली नवरा जिथे शिकवत होता त्या घराजवळच्या न्यू हॅम्पशर विद्यापीठातून. हार्वर्डने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावलं ते १९९५ मध्ये.

पीएच.डी. व्हायच्या चार वर्षं आधी, १९७६ मध्ये, त्यांचा एक शोधनिबंध छापून आला. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या भागातल्या, धर्मोपदेशकांनी मृत स्त्रियांवर जी प्रवचनं केली, त्यांवरचा. त्यातलं एक वाक्य, शहाण्यासारखं वागणाऱ्या बायका इतिहासात क्वचितच दिसतात अशा अर्थाचं, पुढे टी-शर्टांवर आणि चहाच्या मगांवर जाऊन बसलं. लोकांनी ते बंडाची घोषणा म्हणून घेतलं. निबंधातली कळकळ वेगळीच होती. मुकाट्याने घर चालवणाऱ्या, बायबल वाचणाऱ्या, शेजारणीच्या मदतीला धावणाऱ्या आणि एक दिवस मरून गेलेल्या या बायका आपल्याला का दिसत नाहीत, असं त्या विचारत होत्या. त्यांची पुढची सगळी कारकीर्द याच प्रश्नातून निघाली.

आणि त्या प्रश्नासाठी त्यांना कागद मिळाले ते मेन राज्यात, ऑगस्टाच्या राज्य ग्रंथालयात. मार्था बॅलर्ड नावाच्या सुइणीची रोजनिशी. केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावात राहणारी ही बाई. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. १ जानेवारी १७८५ पासून मे १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, तिने जवळजवळ रोज लिहिलं. एकूण दहा हजारांच्या आसपास नोंदी आणि ८१६ बाळंतपणं. हवा कशी होती, कोण येऊन गेलं, मुलींनी किती सूत कातलं, नदी कशी ओलांडली, कुणाकडे रात्र काढली. बाळंतपण झालं की समासात त्याचा उल्लेख, आणि त्याचे पैसे हाती आले की दोन फुल्या. खापरपणती मेरी होबार्ट, जी स्वतः डॉक्टर झाली, तिने १९३० मध्ये ही वही ग्रंथालयाला दिली.

वही काही लपलेली नव्हती. १८७० मध्ये ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांनी ती पाहिली होती. नोंदी त्रोटक आहेत, थोडे अपवाद सोडले तर सर्वसाधारण वाचकाला त्यात रस वाटण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत पडलं. पुढे शंभर वर्षांनंतर सुइणींच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनीसुद्धा घरकामाच्या बारीकसारीक नोंदी म्हणून ती बाजूलाच ठेवली. अलरिक यांनी नेमक्या त्या बारीकसारीक नोंदीच उचलल्या. कोणती बाई कोणत्या घरी काम करायची, मोबदला पैशात मिळाला की लोकरीत, डॉक्टर कधी बोलावला आणि सुईण कधी, याचे तक्ते केले. गावातल्या हेन्री स्यूअलची रोजनिशी, करांच्या याद्या, कोर्टाची दप्तरं, मार्थाचा नवरा एफ्रिम जमीन मोजणी करायचा त्याचे नकाशे, सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं. यात सुमारे आठ वर्षं गेली. पुस्तक आलं १९९० मध्ये आणि १९९१ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

एकच जागा जवळून दाखवते. ऑक्टोबर १७९१. सॅली पिअर्स नावाच्या अविवाहित मुलीच्या बाळंतपणाला मार्थाला बोलावणं आलं. त्या काळच्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याप्रमाणे अविवाहित बाई अडली की ऐन वेणांमध्ये सुइणीने तिला बाळाच्या बापाचं नाव विचारायचं; अशा वेळी बाई खोटं बोलणार नाही असं मानलं जाई, आणि ते नाव कोर्टात पोटगीसाठी ग्राह्य धरलं जाई. मार्थाने रीतीप्रमाणे विचारलं. सॅलीने नाव घेतलं ते मार्थाच्याच मुलाचं, जोनाथनचं. मार्थाने ते वहीत लिहून ठेवलं, इतर कुठल्याही दिवसासारखं, एका ओळीत. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं.

ही ओळ एकटी वाचली तर कादंबरी वाटते. अलरिक यांनी ती एकटी वाचली नाही. मार्थाने केलेल्या पहिलटकरणींच्या बाळंतपणांत दहातल्या जवळजवळ चार जणींना लग्नाआधी दिवस गेलेले होते, हे त्यांनी मोजून काढलं. मग जोनाथन-सॅलीचं प्रकरण गावाच्या रिवाजात बसतं, आणि प्युरिटन न्यू इंग्लंड म्हणजे सदा कपाळाला आठ्या घातलेला समाज ही आपली समजूत गळून पडते. पुढे १८०४ मध्ये म्हातारा एफ्रिम करवसुलीचे पैसे भरू न शकल्यामुळे कर्जाच्या तुरुंगात गेला, तेव्हा हेच जोनाथन आणि सॅली पोराबाळांसह मार्थाच्या घरात राहायला आले. सासू-सुनेच्या त्या दिवसांच्या नोंदी वाचशील तेव्हा तुला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

इतकं लांबवलं ते यासाठी की रोज आठ तास हेच करायचं असतं. वाचायचं, उतरवून घ्यायचं, मोजायचं, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायचं. परिषदा, व्याख्यानं, पुरस्कार हे वर्षातले मोजके दिवस. बाकी सगळे दिवस वाचनालयातले. बॅग कपाटात ठेवायची, आत फक्त पेन्सिल, वही फोमच्या उतरत्या आधारावर ठेवायची, पान उलटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेल्या वजनाची माळ ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत मान वर करायची नाही. मला त्यात अजूनही आनंद होतो. तुला होतो का, हे तूच पाहायचं.

कागद वाचण्याइतकंच महत्त्वाचं आहे कुणाचा शब्द आपण खरा धरतो ते. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन आणि त्यांच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांचं प्रकरण तुला ठाऊक असेल. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात आपली हकीकत सांगितली: जेफर्सन माझे वडील. हे कागद सगळ्यांसमोर होते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या नामवंत चरित्रकार जेफर्सनच्या गोऱ्या नातवंडांचं म्हणणं खरं धरत आले आणि मॅडिसनचं खोटं. ॲनेट गॉर्डन-रीड या मूळच्या वकील. त्यांनी १९९७ च्या पुस्तकात नवीन कागद शोधल्याचा दावा केला नाही. कोर्टात दोन साक्षीदार तपासावेत तशा दोन्ही बाजूंच्या साक्षी तपासल्या, आणि एका साक्षीदाराला सवलत व दुसऱ्याला संशय हा व्यवहार कसा चालत आला ते उघड केलं. सॅलीला प्रत्येक मूल झालं त्याच्या नऊ महिने आधी जेफर्सन माँटिसेलोत, म्हणजे आपल्या मळ्यावरच्या घरी, हजर होता, ही गोष्टही तारखा लावून पुढे ठेवली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, डीएनए तपासणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी नातं जुळलं. २००९ मध्ये हेमिंग्ज कुटुंबावरच्या पुस्तकासाठी गॉर्डन-रीड यांना इतिहासाचं पुलित्झर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यांचं पहिलं पुस्तक आधी वाचायला देते. पुरावा तोच आणि निष्कर्ष उलटा असं कसं होतं, हे त्यातून जितकं कळतं तितकं पद्धतिशास्त्राच्या कुठल्या पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

१८७३ हे साल वाचून तुलाही काही आठवलं असेल. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली, आणि तिची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे.

एडमंड मॉर्गन यांच्याबद्दल थोडक्यात. जन्म १९१६ चा, हार्वर्डला पेरी मिलर यांचे विद्यार्थी, दुसऱ्या महायुद्धात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत यंत्रांवर काम, मग ब्राउन आणि पुढे येल. १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाने व्हर्जिनियाच्या इतिहासाची मांडणीच बदलली: स्वातंत्र्याचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते हेच गुलामांचे सगळ्यात मोठे मालक कसे, आणि १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने तिथल्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडानंतर गरीब गोरे आणि श्रीमंत गोरे एका बाजूला येत गेले ते कुणाच्या जिवावर. हे पुस्तक आलं तेव्हा मॉर्गन साठीला टेकले होते. बेंजामिन फ्रँकलिनचं चरित्र लिहिलं तेव्हा वय शहाऐंशी. या धंद्यात घाई कामाची नाही, असं मी म्हणते ते ही माणसं डोळ्यांसमोर ठेवून. पण हेही खरं की मॉर्गन यांना ज्या काळात नोकरी मिळाली तो काळ आता नाही, आणि त्याबद्दल तुझ्याशी स्पष्ट बोलायला हवं.

नोकरीचं सांगते. अमेरिकेत दर वर्षी इतिहासात जितके लोक पीएच.डी. होतात तितक्या कायम होऊ शकणाऱ्या जागा निघत नाहीत. २००८ च्या मंदीनंतर जागा घटल्या त्या पूर्वीच्या पातळीवर परतल्याच नाहीत. एखादा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरण्याऐवजी दोन-तीन अर्धवेळ शिक्षक कोर्सच्या हिशेबाने घेतले जातात. त्यांना सहसा आरोग्य विमा नाही, पुढच्या सत्राची खात्री नाही, आणि त्यांतले कितीतरी जण आपल्या पिढीतले उत्तम संशोधक असतात. मी ज्या लहान सरकारी विद्यापीठात शिकवलं तिथेही हे डोळ्यांदेखत झालं. हुशार मुलांना नोकरी मिळतेच असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. ते खरं नाही, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्यावर त्यात अन्याय होतो.

यातून माझा पहिला ठाम सल्ला: पूर्ण आर्थिक मदत नसेल तर पीएच.डी.ला येऊ नकोस. फी माफ, वर किमान पाच वर्षं जगण्यापुरतं वेतन, आरोग्य विमा, हे प्रवेशपत्रात लेखी हवं. वेतन त्या गावात पुरतं का हे तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचार. बॉस्टनमध्ये जे कमी पडतं ते मध्यपश्चिमेतल्या लहान गावात पुरतं. स्वखर्चाने एम.ए. करायला कर्ज काढून येण्याचा विचार तर मनातून काढूनच टाक. बाबांनी फ्लॅट गहाण टाकावा इतकी त्या पदवीला बाजारात किंमत नाही. आणखी एक, व्हिसाचं. आजच्या नियमाप्रमाणे पदवीनंतर कामाची परवानगी एक वर्षाची मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना ती वाढवून मिळते, आपल्याला नाही. हिशेब मांडताना हे धरून चाल.

पहिली दोन वर्षं कोर्सेस, तिसऱ्या वर्षी सर्वंकष परीक्षा. त्यासाठी दीड-दोनशे पुस्तकं वाचून तोंडी उत्तरं द्यायची असतात, आणि ते वर्ष आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाचनाचं वर्ष ठरू शकतं. मग प्रबंधाचा आराखडा, मग दप्तरखाने, मग लेखन. सात वर्षं धरून चाल. मार्गदर्शक निवडताना नाव बघू नकोस, त्यांचे गेल्या दहा वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघ. त्यांतल्या दोघा-तिघांना सरळ लिही. लोक खरं सांगतात.

पुढे नोकरी लागलीच तर सहा वर्षांत कायम होण्याचा निर्णय होतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी प्रबंधाचं पुस्तक झालेलं लागतं. याच काळात मुलं होतात, आईवडील म्हातारे होतात, दोघांना एका गावात नोकरी मिळत नाही. अलरिक यांचं आयुष्य मी उगाच आधी नाही सांगितलं. त्यांनी घर आणि काम यांतलं एक निवडलं नाही; काम लांबवलं, टप्प्याटप्प्याने केलं. तशी सवड आजची व्यवस्था सहसा देत नाही. म्हणून तुझ्या जोडीदाराशी, असेल तेव्हा, हे बोलणं लग्नाआधी होऊ दे.

शिकवायची आवड असेल तर ती लपवू नकोस. संशोधन मोठं आणि शिकवणं दुय्यम असा एक सूर मोठ्या विद्यापीठांत ऐकू येतो, तो मला कधीच पटला नाही. शेतमजुरांची, ट्रकचालकांची, नर्सांची मुलं वर्गात बसलेली असताना १७८७ च्या संविधानातलं ते कलम वाचून दाखवायचं, जिथे गुलामांची गणती पाचात तीन अशी केली आहे आणि ‘गुलाम’ हा शब्द मात्र कुठेही येऊ दिलेला नाही, आणि मग गप्प राहून त्यांना बोलू द्यायचं. माझ्या आयुष्यातले चांगले तास त्या वर्गांत गेले आहेत. अलीकडे काही राज्यांत वंश आणि गुलामगिरी यांबद्दल शिक्षकाने काय शिकवावं यावर कायदे आले आहेत. त्यात २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष. या विषयावर इथे सगळ्यांचं मत असतं आणि आवाज चढलेले असतात. अशा वेळी मूळ कागद मुलांच्या हातात देणारा शिक्षक फार उपयोगी पडतो.

आता तुझा तो प्रश्न: मराठी मुलीने अमेरिकेचा इतिहास का करावा, मुलाखतीत विचारलं तर काय सांगू? एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत होत्या आणि आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासाला त्यांनी आयुष्य दिलं. महाराष्ट्राने त्यांना आपलं मानलं. तो रस्ता उलट दिशेनेही तितकाच मोकळा आहे. भारताशी जोडलेला विषय घेतलाच पाहिजे असं दडपण घेऊ नकोस. तुला कॅरोलिनातल्या भातशेतीवर काम करायचं असेल तर तेच कर. भात लावणारी माणसं तू जवळून पाहिली आहेस, इथल्या कितीतरी जणांनी पाहिलेली नाहीत.

मात्र जिथे खरा धागा आहे तिथे तो सोडूही नकोस. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यात उतरला, आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाच्या वेळी मराठे त्याच्या बाजूला होते. पण मला सगळ्यात ओढ वाटते ती मिशनच्या कागदांची. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध चालू होतं आणि कंपनी सरकार त्यांना परत धाडायला बसलं होतं. १८२७ मध्ये न्यू हॅम्पशरची सिंथिया फॅरार मुंबईत आली, पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनाने मुलींची शाळा काढायचं घेतलं, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. या बाईचा जन्म १७९५ चा, म्हणजे मार्था बॅलर्ड रोजनिशी लिहीत होती त्या काळातला आणि शेजारच्याच राज्यातला. न्यू इंग्लंडच्या खेड्यात मुलीला वाचायला शिकवायची जी रीत होती ती अहमदनगरला येताना तिच्यात काय बदल झाले? बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. दुसरी बाजू मराठीत आहे, १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’त आहे. दोन्ही बाजू मुळातून वाचू शकणारे लोक या क्षेत्रात मला फार थोडे भेटले.

तू मोडी शिकलीस हे वाचून मला किती बरं वाटलं काय सांगू. तिचा इथे थेट उपयोग नाही, पण हात तयार झालेला आहे. सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर पहिल्यांदा मोडीइतकंच परकं दिसतं आणि तसंच, रोज तासभर बसून, ओळखीचं होतं. तारखांचंही तेच. पेशवे दप्तरात सुहूर सन, शक आणि इसवी सन यांचा मेळ घालायची तुला सवय आहे. इथे १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतली तारीख कागदावर १७११/१२ अशी जोड सालात लिहिलेली दिसेल. आणि १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ आली. इथल्या मुलांना यात गोंधळ होतो, तुला होणार नाही.

भाषा आणखी एक शीक. फ्रेंच किंवा स्पॅनिश, आणि शक्य झालं तर मूलनिवासी भाषांपैकी एखादीची तोंडओळख. सुरुवातीची अमेरिका म्हणजे तेरा इंग्रज वसाहती ही कल्पना आता मागे पडली आहे. २०२५ मध्ये पुलित्झर मिळालेल्यांत कॅथलीन डुवाल यांचं मूलनिवासी राष्ट्रांच्या हजार वर्षांवरचं पुस्तक होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६६३ मध्ये छापलेलं पहिलं बायबल इंग्रजीत नव्हतं, तिथल्या मूलनिवासींच्या भाषेत होतं, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता, जो पुढे जेम्स प्रिंटर म्हणूनच ओळखला गेला. तिथल्याच वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांनी १९९० च्या दशकापासून आपली बोली पुन्हा उभी केली ती याच जुन्या छापील आणि हस्तलिखित कागदांच्या आधाराने. इतिहासाचे कागद कुणाच्या कामी येतात हे इथे अगदी समोर दिसतं.

पैशांच्या दृष्टीने एक दिलासा. या क्षेत्रात दप्तरखान्यांच्या छोट्या फेलोशिप बऱ्याच आहेत, एक ते तीन महिन्यांच्या. वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, बॉस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, प्रॉव्हिडन्सची जॉन कार्टर ब्राउन लायब्ररी, फिलाडेल्फियाची लायब्ररी कंपनी, जी फ्रँकलिनने १७३१ मध्ये काढली. फिलाडेल्फियाचं मॅकनील सेंटर आणि विल्यम्सबर्गची ओमोहन्ड्रो इन्स्टिट्यूट ही तर या विषयाची दोन घरंच. तिथे प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना आपल्यासारखी दहा माणसं भेटतात, आणि या कामातला एकटेपणा सुसह्य होतो तो अशा ठिकाणी दुपारच्या जेवणाच्या टेबलावर. परदेशी विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. प्रत्येकाचे नियम नीट वाच.

अर्ज या वर्षी करू नकोस असं मला वाटतं. अजून एक वर्ष घे. नोकरी कर, इंग्रजी हस्ताक्षरावर बस, आणि कागद शोध. आता घरबसल्या पुष्कळ पाहता येतं: अमेरिकेच्या संस्थापकांचा पत्रव्यवहार ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट आहे, गुलामांच्या जहाजांच्या हजारो फेऱ्यांची नोंद ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’वर आहे, आणि मार्था बॅलर्डची रोजनिशी ‘डू हिस्टरी’ या संकेतस्थळावर पानापानाने पाहता येते, तिच्याच अक्षरात.

तिथून सुरुवात कर. १७९१ चा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर काढ. मुद्रित प्रत बाजूला ठेवून स्वतः उतरवून घे. न लागलेल्या शब्दाखाली रेघ मार, अंदाजाने भरू नकोस. मग त्या दोन महिन्यांत आलेल्या प्रत्येक माणसाची यादी कर, कोण कुणाचं कोण लागतं ते लिही, आणि समासातल्या फुल्या मोज. शेवटी दोन पानांत मला सांग की या नोंदींतून तुला कोणता प्रश्न सुचला, जो आधी सुचला नव्हता. मराठीत लिहिलंस तरी चालेल. दिवाळीपर्यंत पाठव, मी प्रत्येक ओळीवर शेरे मारून परत पाठवीन. मग कुठल्या विद्यापीठात कुणाला लिहायचं ते आपण फोनवर बोलू. रविवारी सकाळी तुझ्याकडची वेळ मला सोयीची आहे.

आईला नमस्कार सांग आणि तिला हे पत्र वाचायला दे.

तुझी,
मावशी